काकांचं बोलणं

निपाणी
सोमवार, २ डिसेंबर २०२४

प्रणिता बाळा,

जय जिनेंद्र. पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत बरी आहे. फोन बिघडलाय. लागला तरी बोलता येत नाही, म्हणून तू फोन करू नकोस आणि मेसेजही टाकू नकोस. तू बोर्डिंगात होतीस तेव्हा मी तुला आंतरदेशीय लिहायची, तसंच हे समज. उत्तर स्पीड पोस्टानं पाठव.

काम लॅपटॉपचं आहे. तुझ्या काकांचा तो काळा लॅपटॉप आठ दिवसांपासून धड नाही. आधी नुसता रेंगाळायचा, एक फाइल उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा. आता चालू केला की कंपनीचं चिन्ह येतं, ठिपके गोल गोल फिरतात आणि पडदा काळा होतो. त्या काळ्यात बाण तेवढा दिसतो. बाकी काही उघडत नाही.

मला तो पूर्ण पुसून काढायचाय. दुकानातून आणला तेव्हा होता तसा कोरा. फक्त 'बोलणं' नावाचं फोल्डर राहिलं पाहिजे. ते काय आहे हे तुला वेगळं सांगायला नको. ऑपरेशनमध्ये तुझ्या काकांचा कंठ काढला, त्यानंतर साडेतेरा महिने ते माझ्याशी बोलले ते त्या लॅपटॉपवर टाइप करूनच. चारशे बारा दिवस, दिवसाला एक फाइल. मी तोंडानं बोलायची, ते बोटांनी. माझं बोलणं हवेत गेलं, त्यांचं तेवढं राहिलं. 'भाजीत मीठ न्हाय.' 'फॅन बंद कर, थंडी वाजाय लागली.' 'कोण आलतं गं?' असलंच सगळं. पण माझ्याकडं तो माणूस आता तेवढाच उरलाय.

आणखी एक. डिप्लोमाला तू इथं राहायचीस तेव्हा, आणि नंतरही सुटीला आलीस की, तोच लॅपटॉप वापरायचीस. त्यात तुझं काही असेल तर काय आहे ते मी विचारणार नाही. तू सांगूही नकोस. फक्त ते कायमचं गेलं पाहिजे. कुणाला, कधीही सापडता कामा नये. तुझ्या आईला, ब्राह्मीला, यातलं एक अक्षर कळवू नकोस. सांगलीच्या पाहुण्यांशी तुझं लग्न जवळजवळ ठरत आलंय, तिच्या डोक्याला आता दुसरा घोर नको.

लॅपटॉप मी दुकानात नेणार नाही. तूही इकडं यायचं नाही, हे मी रागानं म्हणत नाही. कसं करायचं ते एकेक पायरी लिहून पाठव. लवकर पाठव.

तुझी
त्रिशला मावशी


बेळगाव
गुरुवार, ५ डिसेंबर

मावशी,

पत्र काल संध्याकाळी मिळालं. कामावरून आले तर घरमालकीणबाईंनी हातात दिलं. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून आधी लई बरं वाटलं. मग वाचलं. मग परत वाचलं.

तू नको म्हणालीस तरी मी फोन करून बघितला. दोनदा वाजला आणि कुणीतरी कट केला. तूच केलास का?

माझं तिथं काही न्हाय. डिप्लोमाच्या वेळची ड्रॉइंगं असतील एका फोल्डरात, तेवढंच. ते उघडून बघायच्या फंदात पडू नकोस, उगाच त्यात व्हायरस असायचा.

आता पायऱ्या. आधी चार्जर लाव आणि शेवटपर्यंत काढू नकोस. अर्ध्यात बॅटरी संपली तर लॅपटॉप चालूच होणार न्हाय. चालू कर, चिन्ह दिसलं की बटण दाबून धरून बंद कर. असं तीनदा. चौथ्या वेळी तो आपणहून निळा पडदा दाखवील. तिथं 'ट्रबलशूट' निवड, त्यात 'रीसेट धिस पीसी'. मग दोन पर्याय येतात. वरचा 'कीप माय फाइल्स', म्हणजे आपल्या फाइल्स ठेवून बाकीचं नवं करायचं. खालचा 'रिमूव्ह एव्हरीथिंग', म्हणजे सगळंच पुसायचं. तू खालचा घे. वरच्यानं तुझा बिघाड जाणार न्हाय. पुढं विचारील, नुसत्या फाइल्स काढू की अख्खी डिस्क साफ करू? नुसत्या फाइल्स म्हण, दुसऱ्याला पाच-सहा तास लागतात.

काकांच्या 'बोलणं'ची काळजी करू नकोस. ते सगळं मी मागंच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलंय. इथं माझ्या कपाटात आहे. तू बिनधास्त पूस.

आणि मावशी, माझ्याबद्दल तुला कुणी काही सांगितलं असलं तर आधी मला विचार. आईला नको.

प्रणिता


निपाणी
शनिवार, ७ डिसेंबर

प्रणिता,

माझ्याकडं अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत. सामायिकाच्या ध्यानाला बसते म्हणून दार लावून घेतलंय, तेवढ्या वेळात हे लिहून संपवायचं आहे. सामायिकाच्या वेळेत पत्र लिहिलं म्हणून मला जे पाप लागायचं ते लागो.

पेन ड्राइव्हचं वाचलं आणि मी पाटावर बसल्या बसल्या रडले. बाळा, तू केवढं मोठं काम करून ठेवलंस! मला त्याचीच भीती होती. तो काळा पडदा बघितला की वाटायचं, हे आत आहेत आणि मी बाहेरून कुलूप घातलंय. आता बटण दाबेन.

फोन मीच कट केला. परत करू नकोस.

तू म्हणतेस, मला विचार. मला काही विचारायचं नाही आणि ऐकायचंही नाही. ऐकलं की ते मला माहीत होईल, आणि मग कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल. आजवर बोललेली नाही. जे माहीतच नाही ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकणार नाही.

पण एक सांग. सगळं पुसल्यावर पोलिसांनी लॅपटॉप नेला आणि यंत्रं लावून तपासला तर आधीचं काही सापडतं का? हे मी सहज विचारत नाही.

शालूबाईंना मी कामाला येऊ नका म्हणून सांगितलंय. गल्लीत मोटरसायकलचा आवाज आला की मी खिडकीपासून मागं सरते. काल दूधवाल्यानं कडी वाजवली तर मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिले, तो जाईपर्यंत. तेहतीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई मी, आणि दूध नासू दिलं दारात.

मंगळवारी लाइनच्या कामासाठी दिवसभर वीज नाही. तू चार्जर काढू नको म्हणालीस, म्हणून बुधवारी सकाळी करते. त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं लगेच लिही.

मावशी


बेळगाव
मंगळवार, १० डिसेंबर

मावशी, बटण दाबू नकोस. आधी हे वाच.

पेन ड्राइव्हवर काकांचं सगळं बोलणं न्हाय. काल तुझं पत्र आल्यावर मी तो कपाटातून काढला आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून बघितला. सदतीस दिवस आहेत. पहिले सदतीस. मी तेव्हा कॉपी करायला लावलं असेल आणि मधेच कुठंतरी उठून गेले असेन. चारशे बारापैकी सदतीस.

तुला लिहिताना मी ते तपासलं नव्हतं. खरं सांगते, तपासायचं टाळलं. पेन ड्राइव्ह हाताच्या अंतरावर होता. तपासलं असतं तर तुला खालचा पर्याय घे म्हणून सांगता आलं नसतं, आणि मला तर तू सगळंच पुसावंस असं वाटत होतं. वरच्या पर्यायानंही तुझा बिघाड जाईल. ते मी खोटं लिहिलं.

तुला कळलंच आहे, तरी माझ्या हातानं लिहिते. त्या लॅपटॉपवर 'प्रणिता' नावाच्या फोल्डरात अकरा फोटो आहेत. मुलाचं नाव शिवराज. वडगावचा, घरी चार यंत्रमाग आहेत. तो कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढतो. आपल्यातला न्हाय. दोन वर्षं झाली. गेल्या जानेवारीत आम्ही गुंजीला त्याच्या दोस्ताकडं गेलतो, परत येताना गाडीला दोन तास उशीर होता. ते फोटो त्या स्टेशनवरचे आहेत. मी बाकड्यावर बसून शेंगा सोलतेय. तो पिवळ्या पाटीखाली उभा आहे, पाटीवर गावाचं नाव. एका फोटोत माझं डोकं त्याच्या खांद्यावर आहे. एवढंच, मावशी. याच्याहून जास्त त्यात काही न्हाय. आई माझा फोन बघते म्हणून ते तुझ्याकडं ठेवलेले.

तू पोलिसांचं लिहिलंस ते मी चारदा वाचलं. आईनं त्याच्यावर तक्रार केलीय का? तुमच्याकडं कुणी आलतं का? त्यानं काय केलं न्हाय गं. काय असेल ते माझ्यावर येऊ दे. सांगलीच्या मुलाला भेटून मीच नकार सांगणार होते, रोज उद्या सांगू म्हणत राहिले.

वरचा पर्याय घे. 'कीप माय फाइल्स'. फोटो राहिले तर राहू देत, आईनं बघितले तर बघू देत.

मी स्वतः यायला पाहिजे होतं. तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस झालं न्हाय. आमच्या ऑफिसातला युवराज रोज निपाणीहून बसनं ये-जा करतो, त्याच्या हाती हे देते. घरी जाता जाता तो तुझ्याकडं टाकील. पाकीट ऑफिसचं आहे, दुसरं मिळालं न्हाय. आज रात्रीच वाच.

प्रणिता


निपाणी
गुरुवार, १२ डिसेंबर

प्रणिता,

कसले फोटो, बाळा? तू लिहिलंस त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तो पडदा पहिल्यापासून काळाच होता.

आता सगळं सांगते, पहिल्यापासून.

लॅपटॉप रेंगाळायला लागला तेव्हा मी फोनवर दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधला. पहिला आला तो लावला. माणूस गोड बोलला, हिंदीत. त्यानं मला लॅपटॉपवर काहीतरी उतरवून घ्यायला लावलं आणि मग बाण आपोआप फिरायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बघत बसले. फिरता फिरता तो एका फोल्डरवर थांबला. त्यानं विचारलं, "ये प्रणिता कौन है, मॅडम?" मी सांगितलं, माझी भाची. बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यात ड्रॉइंग करते. लग्न ठरत आलंय. मी शिक्षिका, विचारलं की पूर्ण वाक्यात उत्तर द्यायची सवय.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काळा झाला आणि दुपारी दुसऱ्याच माणसाचा फोन आला. तो म्हणाला, मी पोलीस अधिकारी. तुमच्या लॅपटॉपवरून एका मुलीचे घाणेरडे फोटो परदेशात विकले गेलेत. मुलगी तुमची भाची. नाव प्रणिता, काम उद्यमबागेत, लग्न ठरलंय. बरोबर ना? तो म्हणाला, तिला उद्या उचलू शकतो. पण तुम्ही वयस्क आहात, सहकार्य केलंत तर गुपचूप मिटवू. घराबाहेर पडायचं नाही. कुणाला, विशेषतः त्या मुलीला, सांगायचं नाही. तुमचा फोन आम्ही ऐकतोय. दर तासाला 'मी घरात आहे' असा मेसेज टाकायचा. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला कॅमेऱ्यासमोर बसायचं. आणि बुधवारी दुपारी बँकेत जाऊन माझी ठेव मोडून 'तपासणीसाठी' म्हणून पाठवायची, काम झालं की परत. बँकेत कुणी विचारलं तर नातेवाइकाच्या आजारपणाला, असं सांगायचं.

तुला वाटेल, मावशीला हे कळू नये? कळत होतं. दिवसा कळायचं. पण कॅमेऱ्यात त्याचा तो गणवेश दिसला आणि त्यानं तुझं नाव घेतलं की माझ्या डोळ्यासमोर ब्राह्मीचा चेहरा यायचा, आणि कळलेलं सगळं जायचं. एवढंच सुचलं की लॅपटॉपच कोरा केला तर पुरावा राहणार नाही. ठेव जाते तर जाऊ दे, पोरगी सुटली पाहिजे. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं त्यानं मला सोडली होती. 'पूजा कर लो, माताजी' म्हणायचा. त्या मिनिटांत मी तुला लिहायची. टाकायला पोस्टात जायची ती डोक्यावरून पदर घेऊन, मागच्या बोळातून.

मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास कडी वाजली. "बाई, बेळगावहून पत्र हाय," असं कुणीतरी म्हणालं. मी उघडलं नाही. त्यानं पाकीट दाराखालून सरकवलं. वर कारखान्याचं नाव छापलेलं, कानडीत आणि इंग्रजीत. मला वाटलं तुला कामावरून काढल्याची नोटीस. किंवा त्याहून वाईट काही. मी ते न उघडता पातळांच्या घडीखाली ठेवलं.

बुधवारी सकाळी सहाला बसले. तीनदा बंद केला. निळा पडदा आला. तू लिहिलंस तसा खालचा पर्याय घेतला. तो विचारतो, नक्की ना? मी तुझ्या काकांचं नाव घेतलं आणि दाबलं. आकडे वाढत गेले. वीस, एकेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. सव्वा तासानं नवा कोरा पडदा आला आणि कुठली भाषा हवी म्हणून विचारायला लागला.

मग सामायिकाला बसले, आणि पुरावा तर गेला, आता नोटीस असली तरी वाचू म्हणून ते पाकीट फोडलं.

नऊ वाजता फोन वाजला तेव्हा तुझं पत्र मांडीवरच होतं. त्यानं बँकेचं विचारायला सुरुवात केली. मी मधेच म्हटलं, "साहेब, ते फोटो तुम्ही स्वतः बघितलेत?" तो म्हणाला, "देखे हैं, मॅडम. बहुत गंदे हैं." मी म्हटलं, "कुठली जागा आहे?" तो थांबला. म्हणाला, हॉटेलची खोली. "किती फोटो आहेत?" म्हणाला, दोनशेच्या वर.

धडा न वाचता आलेला मुलगा कसा उत्तर देतो ते मी तेहतीस वर्षं ऐकलंय, बाळा. आधी थांबतो, आणि मग मोठा आकडा सांगतो.

मी म्हटलं, "तुम्ही काही बघितलेलं नाही." तो ओरडायला लागला. अर्ध्या तासात गाडी येईल, बेड्या घालून गल्लीतून नेऊ, पोरीचं नाव पेपरात छापू. फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात आत खोल खुपसला. पायात चप्पल न घालताच शालूबाईंच्या घरी गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चला बाई, ठेसनात जाऊ." मी म्हटलं, तिथंच तर मला न्यायला येणार आहेत. "मग आपणच आधी गेलेलं बरं," म्हणाल्या.

ठाण्यातल्या हवालदारानं निम्मं ऐकून हात वर केला. "इदु मोस री, टीचर," म्हणाला. फसवणूक आहे, सगळी फसवणूक. असे तीन जण या महिन्यात येऊन गेले. पोलीस असं फोनवरून कुणाला धरून ठेवत नाहीत. "बँकेत गेला न्हाईसा, ते बरं झालं." त्यानं तक्रार लिहून घेतली. मी सही केली ती माझी मलाच ओळखू आली नाही.

घरी आले तेव्हा ध्यानात आलं. त्याला जे जे माहीत होतं ते सगळं त्या पहिल्या दुरुस्तीवाल्याला मीच सांगितलेलं होतं.

तुझं पत्र आलं म्हणून मी वाचले. आणि तुझंच आधीचं पत्र आलं म्हणून तुझे काका गेले. मी दोन्ही पत्रं समोर ठेवून बसलेय आणि मला एकावर दुसरं ठेवता येत नाही. शिवराजचा मला राग आलेला नाही, त्याचा विचार करायला अजून जागाच झालेली नाही. पेन ड्राइव्हचा राग आला आहे. तू फोटो लपवलेस ते मी समजू शकते. पण तू माझ्याकडून ते बटण दाबून घेतलंस.

शनिवारी ये. लॅपटॉप बंद करून ठेवलाय, परत हात लावलेला नाही.

मावशी


बेळगाव
शनिवार, २१ डिसेंबर

मावशी,

फोन तू अजून डब्यातून काढला न्हाईस असं शालूबाईंनी सांगितलं, म्हणून पत्रच.

त्या दिवशी तू मला वाढलंस, दुसऱ्यांदा आमटी विचारलीस, लॅपटॉप पिशवीत घालून दिलास, आणि या सगळ्यात माझ्याशी चार शब्दसुद्धा बोलली न्हाईस. मला ते चालेल. मी बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन आले. कुणाचा धक्का लागू नये म्हणून उद्यमबागेपर्यंत हात काढला न्हाय.

इथं एक माणूस गेलेल्या फाइल्स काढून देतो. शिवराजनंच पत्ता दिला, त्याची डिझाइनं एकदा अशीच गेलती. त्या माणसानं पहिलं विचारलं, पुसल्यावर यावर काम केलं का? न्हाय म्हटल्यावर म्हणाला, मग जीव आहे यात. डिस्क जुन्या पद्धतीची, आणि तू नुसत्या फाइल्सचा पर्याय घेतलास, अख्खी डिस्क साफ केली न्हाईस, म्हणून. पुसल्यावर नवं जिथं लिहिलं गेलं तिथलं गेलं, बाकीचं खाली तसंच असतं म्हणाला. पाच दिवस लागले. मी रोज कामावरून सुटले की त्याच्या दुकानात जाऊन बसायची. तो म्हणायचा, ताई, तुम्ही इथं बसल्यानं मशीन जोरात चालत न्हाय. तरी बसायची.

एकशे त्रेसष्ट मिळाल्या. माझ्याकडचे सदतीस दिवस त्यात धरलेले न्हाईत, पण त्यातले काही दोन्हीकडं असतील. काही फाइल्स अर्ध्यात तुटल्यात, पुढं अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फाइलींची नावं गेली, म्हणून तारखा न्हाईत. फक्त आकडे. बाकीचं बोलणं गेलं, मावशी. त्याला मी तीनदा विचारलं. गेलं.

मी ती वाचली न्हाईत, तुझी आहेत. उघडतात का ते बघायला एक उघडली. त्यात एवढंच होतं, 'प्रणिताला सांग, चार्जर माझ्या उशाखाली हाय, शोधत बसू नको.' मला तो दिवस आठवत न्हाय. किती आठवून बघितलं.

फोटोही मिळाले. अकराच्या अकरा, एकही खराब न होता. दुकानदार म्हणाला फोटो सहज निघतात. पुसून टाका म्हणायला माझं तोंड उघडलं, आणि मिटलं. तेही यात आहेत. तू बघ किंवा नको बघू.

सांगलीच्या मुलाला मी फोन केला. सांगितलं. तो भला आहे, म्हणाला, घरी मी सांगत न्हाय, तुम्ही तुमच्या घरी सांगा. आता ते राहिलंय. आईसमोर जायचं रोज उद्यावर ढकलतेय. तू काही करावंस म्हणून लिहीत न्हाय. तुला खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिलं.

युवराजकडं लॅपटॉप आणि दोन पेन ड्राइव्ह देते. दोन्हींवर तेच आहे. मी दोन्ही तपासलेत.

प्रणिता


निपाणी
शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

प्रणिता बाळा,

युवराज आला तेव्हा मी दार उघडलं. एवढंच, पण तुला सांगावंसं वाटलं.

रोज तीन फाइली वाचते. जास्त नाही, संपतील म्हणून. तारीख नाही याचा त्रास होतो. 'भूक न्हाय' म्हणतात, तर ते पहिल्या महिन्यातलं, तोंडाला चव नव्हती तेव्हाचं, की शेवटच्या आठवड्यातलं, ते ओळखू येत नाही. मग दिवसभर तेच डोक्यात. एका फाइलीत मला कसल्या तरी कारणानं खूप रागावलेत. कारण चौकोनात गेलं. कधी कधी वाटतं तुझा राग आला होता तो बरा होता, तो तरी सरळ होता. तो अजून गेलेला नाही. कमी झालाय.

फोन शालूबाईंनी डब्यातून काढला आणि नवं कार्ड घातलं. वाजला की आधी पडदा बघते. वर नाव असलं तरच उचलते.

काल ब्राह्मी आली, सांगलीला द्यायचा आहेर दाखवायला. तिनं पिशवीची गाठ सोडायच्या आत मी सांगून टाकलं. पोलिसाला भ्यायले नव्हते एवढी मी माझ्या धाकट्या बहिणीला भीत होते. तुझं सांगितलं, माझंही सांगितलं, तो फोन, ती ठेव, सगळं. तिनं ऐकलं. मग उठून मोरीत गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

तासाभरानं म्हणाली, "तुला कवापासनं ठावं?"

"तीन आठवडे."

"आणि मी तिची आई," म्हणाली.

संध्याकाळी म्हणाली, फोटो हाईत म्हणालीस, दाखव. मी लॅपटॉप उघडून तिच्या पुढं ठेवला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले. आतून ओरडायचा आवाज येईल, रडायचा येईल, म्हणून कान लावून होते. काहीच आलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. अंधार पडल्यावर आत गेले तर ती तशीच बसलेली. पडदा विझून गेलेला.

रात्री जेवली नाही. आज सकाळी वेणी घालताना आरशातच बघत मला म्हणाली, "त्याला आई हाय काय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"इचार तिला," म्हणाली.

म्हणून हे लिहायला बसले, उद्या सकाळी युवराजच्या हाती देते. ती अजून घरी गेलेली नाही, रविवारपर्यंत राहते म्हणाली. मनात काय आहे ते मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही. तू रविवारी सकाळच्या बसनं ये. काय होईल मला माहीत नाही. पण तिनं जे विचारलंय त्याचं उत्तर मला नको सांगूस, तिलाच सांग.

तुझी
मावशी